लेबलं उसवताना

मार्च २०२३, पाडव्याच्या आधीचा आठवडा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या नऊ बायका दोन दिवस सतरंजीवर बसून लेबलं उसवत होत्या. दोन हजार शंभर जोड, एका जोडात दोन कपडे, म्हणजे चार हजार दोनशे लेबलं. टेरीचं कापड असल्यानं घाई करून चालत नव्हतं. ब्लेड जरा तिरकं लागलं की पाईलचा, म्हणजे वरच्या फासांचा, दोरा ओढला जातो आणि पांढऱ्या कापडावर ती रेघ लांबून दिसते. मी पण दुपारनंतर टेबल सोडून त्यांच्यात जाऊन बसले. कागदपत्रं बनवणं माझं काम, आणि ही ऑर्डर माझ्याच फाईलमधून गेली होती.

ऑर्डर एहरामची होती. हजला किंवा उमऱ्याला जाणारा पुरुष हे दोन पांढरे कपडे घालतो, एक कमरेला नेसायचा आणि एक खांद्यावर घ्यायचा. अंगाच्या मापानं बेतून शिवलेलं काही त्या वेळी अंगावर असू नये असा नियम आहे. हेम घातलेली, म्हणजे दुमडून शिवलेली, कड बरेच लोक चालवून घेतात, पण आमच्या दुबईच्या गिऱ्हाइकाच्या दुकानात येणाऱ्या माणसाला एक टाकासुद्धा नको असतो. आम्ही मात्र इतर टॉवेलांना लावतो तसंच एका कोपऱ्यात कंपनीचं विणलेलं लेबल चारही बाजूंनी शिवून टाकलं होतं. स्पेसिफिकेशनच्या कागदावर माप होतं, वजन होतं, पांढऱ्याची शेड होती. लेबलाच्या रकान्यात 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलेलं होतं, ते मीच लिहिलं होतं.

हे पकडलं ते पट्टी मारायच्या मशीनवरच्या चाचांनी. कार्टन बंद करताना वरचा नग त्यांनी हातात घेतला, उलटा केला आणि थेट माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, ये एहराम है ना? एहराम पे लेबल नै सीते."

चाचा आमच्याकडे एकोणीस वर्षं आहेत. ऑर्डर आल्यापासून माल तयार होईपर्यंत पाच आठवडे गेले, त्या पाच आठवड्यांत त्यांना कुणीच विचारलं नाही. मी नाही, मालकांनी नाही, डिझाइनच्या पोरानं नाही. मी दुबईला फोन लावला. पलीकडे हाजीसाहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अच्छा किया बेटी, पूछ लिया." एवढंच. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला जरा कमी लागलं असतं.

त्या सतरंजीवर बसल्या बसल्या मला नान्नांची, माझ्या वडिलांची आठवण येत होती. आम्ही पद्मशाली, तेलुगू बोलणारे विणकर. नारळी पौर्णिमेला जानवं बदलायचं, मार्कंडेयाचा रथ निघायचा, आणि त्या दिवशी नान्ना सकाळी जे धोतर नेसायचे त्याला सुई लागलेली चालायची नाही. शर्ट नाही, बनियन नाही. सोवळ्यात शिवलेलं चालत नाही हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. एहराम म्हणजे काय हे मला कुणी 'सोवळं' या एका शब्दात सांगितलं असतं तर मी ते लेबल लावूच दिलं नसतं. ज्ञान दोन्हीकडे होतं. चाचांकडेही होतं आणि माझ्याकडेही. त्यांची भेट तेवढी झाली नव्हती.

गेली चोवीस वर्षं मी एक्स्पोर्टची कागदपत्रं करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. आमचा निम्म्याहून जास्त माल आखातात जातो. सोलापुरातून ट्रक निघतो, पुण्यावरून न्हावा शेवाला पोचतो, तिथून जहाज चार-पाच दिवसांत दुबईच्या जबल अली बंदराला लागतं. नकाशावर बघितलं तर मुंबईच्या समोर, समुद्राच्या पलीकडे, ओमान आणि अमिरात म्हणजे आपले शेजारीच. दिल्लीतले लोक त्याला 'विस्तारित शेजार' म्हणतात. आम्ही 'गल्फ' म्हणतो आणि कुणाचा तरी मुलगा, भाऊ, जावई तिथं असतो.

भारत आणि अमिरातीचा मोठा व्यापार करार १८ फेब्रुवारी २०२२ ला झाला आणि १ मे २०२२ पासून लागू झाला. तारीख लक्षात राहिली कारण महाराष्ट्र दिन, त्यात रविवार, आणि मी घरी बसून नव्या सर्टिफिकेटचा नमुना वाचत होते. त्याआधी आपला टॉवेल तिथल्या कस्टममध्ये पाच टक्के ड्युटी भरून आत जायचा. आखाती देशांच्या कस्टम युनियनमध्ये बहुतेक मालाला हाच पाच टक्क्यांचा दर आहे. करारानंतर आमच्या मालावरची ड्युटी शून्य झाली, अट एवढीच की माल खरोखर भारतात तयार झाला असं सांगणारं सर्टिफिकेट सोबत हवं. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. टॉवेलच्या धंद्यात मालकाच्या हातात एका किलोमागे जे उरतं, त्याच्याशी ते ताडून बघा. कराची आणि फैसलाबादच्या मालाशी स्पर्धा असते, तिथं एका नगामागे काही पैशांवरून ऑर्डर इकडची तिकडे होते. त्यामुळे करारांना कुणी 'नुसते कागद' म्हटलं की मला पटत नाही. त्या कागदावर आमच्या पूर्व भागातली किती घरं चालतात ते मी बघितलं आहे. दोन देशांचा व्यापार २०२४-२५ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला, त्यात आमचा वाटा एखाद्या कार्टनएवढा असेल, पण ते कार्टन आमचं आहे.

तरी लेबल उसवायला करार उपयोगी पडला नाही. तिथं चाचाच लागले.

*

माझी आज्जी करीमनगरकडची. तिच्या लहानपणी सोलापूर आणि तिचं गाव एका देशात नव्हतं म्हटलं तरी चालेल. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आणि तिचं गाव निजामाच्या राज्यात. तुळजापूरसुद्धा निजामात, आपल्यापासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. तिकडं पैसे वेगळे, हाली सिक्का. सरहद्दीवर जकातीचा नाका, त्याला करोडगिरी म्हणायचे. आज्जी सांगायची की तिचे आईवडील मागाचं सामान आणि तीन लेकरं घेऊन आले, तेव्हा नाक्यावरच्या शिपायानं सामानातलं सूत उलगडून बघितलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं, नाके गेले, हाली सिक्काही पुढं चलनातून गेला. पण तोवर सोलापूरच्या साखर पेठेत, दाजी पेठेत, अशोक चौकाच्या अल्याड-पल्याड अर्धं तेलंगण येऊन वसलेलं होतं.

ते कशामुळे आले? काम होतं म्हणून. १८७७ मध्ये इथं जुनी गिरणी सुरू झाली, मग आणखी गिरण्या, मग हातमाग, मग पॉवरलूम. आधी पोटासाठी आले आणि मग बतुकम्माचा सण आला, मार्कंडेयाचं देऊळ आलं, तेलुगू शाळा आल्या. माझ्या गल्लीत घरात तेलुगू, शाळेत मराठी, भाजीवालीशी कानडी आणि गॅरेजवाल्याशी दखनी अशी चार भाषांची दिवसभराची ये-जा. अम्मा विड्या वळायची. तेंदूचं पान पाण्यात भिजवून, कापून, हजार विड्यांचा हिशेब ती तेलुगूत मोजायची आणि कारखान्यात मराठीत द्यायची. मला कुणी विचारलं की शेजारच्या मुलखाशी नातं कसं जोडतात, तर मी बाहेर कुठं बोट दाखवत नाही. आमची गल्ली दाखवते. आज ज्याला 'सोलापुरी' चादर म्हणतात, जिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या हातांनी विणलेली असते. त्यामुळे ती कमी सोलापुरी होत नाही. त्यामुळेच ती सोलापुरी आहे.

आणि समुद्राचं म्हणाल तर समुद्र नसलेल्या या गावात १८८२ मध्ये वालचंद हिराचंद जन्मले. त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन आहे. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीत घुसून स्वतःचं जहाज हाकारणारा माणूस आपल्या गावचा. दर ५ एप्रिलला मी कारखान्यातल्या नव्या पोरांना हे सांगते. त्यांना बंदर म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी जागा वाटते, ते मला सहन होत नाही.

*

हाजीसाहेब स्वतः सोलापूरला आले ते जानेवारी २०२४ मध्ये. लेबलांच्या प्रकारानंतर त्यांनीच म्हटलं होतं की एकदा माग बघायचे आहेत. मुंबईहून वंदे भारतनं आले. पंचाहत्तरीचे आहेत, हातात काठी, सोबत नातू. हिंदी एकदम जुनी मुंबईची. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला येत, त्यांचे आजोबा मोती घेऊन येत. आखातातले मोती विकले जायचे ते मुंबईच्या बाजारात. मग १९३० च्या सुमाराला जपानी कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बसवला. तेलाचा पैसा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. मधल्या काळात ते लोक गरीब होते, आणि तेव्हा त्यांचा तांदूळ, मसाला, कापड आपल्याकडून जायचं. हे त्यांनी मान खाली न घालता सांगितलं.

माझ्या टेबलाशी बसून ते आमचं बिलबुक चाळत होते. मी मालकांना मराठीत काहीतरी सांगत होते, हिशेब, किंमत, तारीख असं काहीतरी. त्यांनी मान वर केली. "ये तो हमारा लफ्ज है." मग आम्ही खेळच सुरू केला. हिशेब. किंमत. वजन. जमा. खर्च. करार. मुदत. हजर. मालक. वकील. अर्ज. कायदा. त्यांचा नातू मोबाइलवर लिहून घेत होता. मी 'सही' म्हटलं आणि कागदाखाली सही करून दाखवली, तर ते म्हणाले की त्यांच्याकडे हा शब्द 'बरोबर' या अर्थानं आहे. मला ते फार आवडलं, की आपण कागदाखाली नाव लिहितो म्हणजे 'हे बरोबर आहे' असंच म्हणतो. मग मी जुन्या जकात नाक्याबद्दल बोलले आणि ते दचकले. जकात म्हणजे त्यांच्याकडे धर्मानं सांगितलेलं दान, शिलकेच्या अडीच टक्के गरिबाला द्यायचं ते. तो शब्द आमच्याकडे ट्रक अडवून घ्यायच्या करावर कसा बसला ते मला सांगता आलं नाही, पण शतकानुशतकं कागदावर फारसी लिहिणाऱ्या दफ्तरांतून तो आला असणार हे दोघांनाही पटलं.

मी विचार करत राहिले. आमच्या सगळ्या धंद्याची भाषा त्यांच्या ओळखीची. मराठीतून ते शब्द काढून टाकले तर मला एक बिलसुद्धा बनवता येणार नाही.

मग त्यांची पाळी. पंख्याला त्यांची जुनी माणसं 'बन्का' म्हणतात. सरळ जायचं असेल तर 'सीदा'. पायातल्याला 'जूती'. आणि दिरहॅमला त्यांची आई शेवटपर्यंत 'रुबिया' म्हणत असे. कारण तिच्या तरुणपणी तिच्या हातात खरोखरच रुपया होता, आपला. १९५९ पर्यंत आखातात भारतीय रुपयाच चालायचा. मग सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे आपल्या रिझर्व्ह बँकेनं फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये आपलं चलन आणलं, बहरीननं १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं, एका रात्रीत डॉलरमागे ४ रुपये ७६ पैशांचे साडेसात रुपये झाले, आणि दुबई, अबू धाबी, कतार यांनी रुपया सोडला. हाजीसाहेब तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते. "अम्मी के बक्से में नोट थे," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. आपल्याकडे अवमूल्यन म्हणजे पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद. तिथल्या एका घरात ती आईच्या पेटीतली शिल्लक होती, रात्रीत आकसलेली. शेजाऱ्याशी आर्थिक नातं असतं तेव्हा आपल्या निर्णयाची झळ कुठवर पोचते, हे मला इतक्या वर्षांच्या कामात कुणी असं सांगितलं नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी रुपया आणि दिरहॅममध्ये थेट व्यवहार करायचा करार केला. आमचा व्यवहार अजून डॉलरमध्ये आहे. हाजीसाहेबांना मी म्हटलं की पुढच्या खेपेचं बिल रुपयात करू का, तर ते बराच वेळ काठीच्या मुठीवर हात फिरवत बसले आणि म्हणाले, नातवाला विचार.

भोगीचा दिवस होता. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची जत्रा. मालकांनी त्यांना एका ओळखीच्या गच्चीवर नेलं, तिथून संमती कट्टा दिसतो, अक्षता पडतात ती जागा. सातही नंदीध्वज, मानाच्या उंच काठ्या, आलेले, खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, जिकडे बघावं तिकडे पांढरं. कुंभाराच्या लेकीचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागतं ही गोष्ट मी त्यांना सांगितली. अक्षता पडल्या. सगळे काही क्षण गप्प होते आणि मग हाजीसाहेबांनी मला विचारलं, "ये सफेद कपडा कौन बुनता है?" व्यापाऱ्याचा प्रश्न. मला तो इतका आपला वाटला म्हणून सांगू. नान्नांनी हेच विचारलं असतं.

रात्री आमच्या घरी जेवले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. भाकरी मोडताना होणारा आवाज त्यांच्या नातवाला इतका आवडला की त्यानं तो रेकॉर्ड केला. येताना त्यांनी खजूर आणले होते आणि जाताना सांगोल्याच्या डाळिंबांची पेटी नेली. डाळिंबाला ते रुम्मान म्हणतात. भगवा जातीचं फळ त्यांनी दुबईत शेकडो वेळा खाल्लेलं, पण ते ज्या मुलखातून येतं तिथं पाणी टँकरनं येतं हे त्यांना माहीत नव्हतं. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात माणसं तेल्या रोगाशी झगडत, बहार धरत, एकेका झाडाला ठिबकनं जगवत ते फळ पिकवतात. वाळवंटातल्या माणसाला हे समजावून सांगायला मला शब्द कमी पडले नाहीत.

*

आता जे मला मनापासून वाटतं ते लिहिते.

आखाताच्या सहा देशांत मिळून ९० लाखांच्या आसपास भारतीय राहतात. आपल्या जिल्ह्यातूनही पोरं जातात, ड्रायव्हर म्हणून, एसीचे मेकॅनिक म्हणून, टेलर म्हणून. दहा-बारा वर्षं काढून परत येतात. ब्लँकेट, अत्तर, टीव्ही घेऊन येतात, घर बांधतात, आणि मग कुणी त्यांना विचारत नाही की तू तिथं काय बघितलंस. आमच्या मागच्या गल्लीतला एकजण शारजाला हॉटेलांच्या लाँड्रीत अकरा वर्षं होता. परत येऊन रिक्षा चालवत होता. मी त्याला दादा म्हणते, वयानं माझ्यापेक्षा लहान आहे तरी. एकदा रिक्षात बसल्या बसल्या मी आमच्या टॉवेलबद्दल बोलले आणि त्यानं रिक्षा बाजूलाच घेतली.

"ताई, तुमच्या टॉवेलचा पट्टा आकसतो. वीस धुण्यांत कड चुण्या पडून लाटेसारखी होते. आम्ही ते बाजूला काढायचो, खोलीत ठेवायला परवानगी नव्हती."

पट्टा म्हणजे टॉवेलच्या दोन्ही टोकांना बिनपाईलची जी नक्षीची पट्टी असते ती. तिचं विणकाम वेगळं, त्यामुळे ती अंगापेक्षा जास्त आकसते. आमच्याकडे तक्रारी यायच्या, 'क्वालिटी नॉट अ‍ॅज पर सॅम्पल' एवढ्याच शब्दांत, आणि आम्ही सुताला दोष द्यायचो. या माणसानं अकरा वर्षं रोज हजारो टॉवेल गरम पाण्यातून आणि ब्लीचमधून काढले होते. कोणत्या देशाचा माल कितव्या धुण्याला पिवळा पडतो हे त्याला पाठ होतं. मी त्याला दुसऱ्या दिवशी मालकांपुढं उभं केलं. पट्ट्याची वीण बदलली, आत जाणारं सूत बदललं, आणि आता माल पाठवायच्या आधी पंचवीस धुण्यांची चाचणी तोच करतो. रिक्षा त्यानं भावाला दिली.

अशी माणसं आपल्या प्रत्येक पेठेत आहेत. निर्यातीच्या परिषदांना मी जाते. तिथं स्लाइडवर आकडे असतात, बंदरं असतात, भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरचा नकाशा असतो, तो सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० ला जाहीर झाला. मला तो नकाशा हवा आहे, रेल्वे हवी आहे, स्वस्त भाडं हवं आहे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आमच्या जेद्दाच्या मालाचं भाडं कुठल्या कुठं गेलं, ते मी रात्री जागून भोगलं आहे. पण त्या परिषदांमध्ये शारजाहून परतलेला लाँड्रीवाला मी एकदाही बघितला नाही, आणि चाचांना कुणी बोलावलं नाही. दोन मुलखांमधला पूल आपल्याच गावात उभा असताना आपण तो सल्लागारांकडून विकत घेतो, याचं मला खरंच दुःख होतं.

आणि भाषा. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांचं जन्मघर. मी शाळेतून तिथं गेले तेव्हा फारसं काही कळलं नव्हतं. अलीकडे गेले आणि एका गोष्टीपाशी थांबले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांतले ते एक. ते तिथली भाषा शिकले. चिनी सैनिकांवर उपचार केले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवलं, चिनी मुलीशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. दोन देशांमध्ये नंतर युद्ध झालं, सरहद्दीवर काय काय झालं, तरी चीनमधून येणारी माणसं अजून भैय्या चौकात येतात आणि त्या घरापुढं वाकतात. औषधं तर कुणीही पाठवली असती. हा माणूस तिथं राहिला आणि त्यांच्या बोलीत बोलला.

म्हणून गेल्या वर्षापासून मी आठवड्यातून दोन संध्याकाळी चाचांच्या घरी जाते. त्यांची सून उर्दू शाळेत शिकवते, अरबी तिला चांगली येते. मी, आमच्या डिझाइन खात्यातला मुलगा, आणि लाँड्रीवाले दादा, त्यांना बोलता येतं पण लिहिता येत नाही. अलिफ, बे, ते. माझं वय बावन्न. उजवीकडून डावीकडे हात वळायला दोन महिने गेले. पाटी संपली की सून चहा आणते आणि चाचा बाजूला बसून आमचे उच्चार दुरुस्त करतात, विशेषतः घशातून येणारा 'ह'. हिशेबातला 'ह' मी आयुष्यभर चुकीचा म्हणत आले असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना सांगितलं की मराठीत तो असाच आहे आणि असाच राहील. त्यांनी ते मान्य केलं.

मागच्या महिन्यात एहरामची पुढची ऑर्डर गेली. लेबल नाही, विणलेली कड, पाकिटावर एक छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर अरबीत काय लिहायचं ते हाजीसाहेबांच्या नातवानं पाठवलं होतं. पेंटरकडून कार्टनवर शिक्का मारून घेताना मी ती अक्षरं पहिल्यांदाच स्वतः जोडून वाचली. सीन, वाव, लाम, अलिफ, बे, वाव, रे. अरबीत 'प' नाही. पेंटर म्हणाला, "मॅडम, यात चूक आहे का? बघून घ्या, परत लेबलासारखं नको." चाचा पट्टी मारायची थांबवून आले, चष्मा पुसला, कार्टनवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

"सोलाबूर."

आणि मला म्हणाले, मारू दे शिक्का.